बेअरिंग बदललं, कारण राहिलं

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ऐन गाळपात कारखान्यातल्या इंजेक्शन पंपाचं बेअरिंग पुन्हा गेलं आणि रिपोर्टात ‘ऑइलमनचा निष्काळजीपणा’ लिहायला सांगितलंय, हे वाचून वाईट वाटलं. सही करायची घाई करू नकोस.

नुकसान बेअरिंगच्या किमतीएवढं धरू नकोस. पंप थांबला की वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचं पाणी तुटतं, रस आटवायच्या पॅनचा व्हॅक्यूम पडतो, पाठोपाठ गाळप मंदावतं. यार्डात तोडलेला ऊस वाळतो, साखरेचा उतारा घसरतो. हे सगळं तासांत मांड. तपासाला वेळ मागताना तोच आकडा साहेबांपुढे ठेवता येईल.

काढलेलं बेअरिंग भंगारात जाऊ देऊ नकोस. डिझेलने धुवूही नकोस. ग्रीससकट पिशवीत ठेव, तारीख आणि कुठल्या बाजूचं ते लिही. ग्रीसचा रंग, त्यातले कण पाहून झाले की मग बाहेरची रेस, म्हणजे गोळ्या जिच्या आतून फिरतात ती कडी, न्याहाळ. ती फिरत नाही, म्हणून गोळ्यांची वाट तिच्यावर नीट उमटते. वाट कडेला समांतर न जाता तिरकी गेली असेल तर अलाइनमेंटवर, म्हणजे शाफ्ट एका रेषेत नसल्याचा, संशय घे. निळसर-तपकिरी झाक म्हणजे बेअरिंग तापलं. ग्रीस कमी पडलं असेल, किंवा जास्त झालं असेल. ठासून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

समज, वाट तिरकी निघाली. मग पंप बंद असताना पाइप पंपाला जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट ढिले करून बघ. पाइप जागचा सरकला तर त्याचा ताण पंपावर येतोय. पाइपाचा सपोर्ट कुठे गेला? लाइन बदलताना काढला असेल. परत का बसला नाही? कामाच्या यादीत तो नव्हताच. टोयोटाचे ताइइची ओनो ‘का’ पाच वेळा विचारायला सांगत. आकड्याला महत्त्व नाही. जिथे काही बदलता येईल तिथवर जायचं. माणसाच्या नावापाशी प्रश्न थांबला, तर पुढच्या माणसाच्या हातूनही तेच होणार.

ऑइलमनशी जरूर बोल, पण साहेबांच्या केबिनमध्ये बोलावून नको. पंपापाशी जा, आवाज कधीपासून बदलला ते विचार. रात्रपाळीला ग्रीसच्या खोलीला कुलूप असतं का, हेही त्यालाच ठाऊक असणार.

दुरुस्तीनंतर बेअरिंगचं तापमान दर पाळीला लॉगबुकात चढव, हंगाम संपेपर्यंत. आणि त्या रेसचे फोटो मला पाठव, उजेडात काढलेले.

तुझा,
काका