गुंतवणूकदार व्हिसा : रक्कम भरण्याआधी कराचा विचार

प्रश्न : माझे वय ५२ असून अमेरिकेच्या ईबी-५ व्हिसासाठी (तेथील रोजगार निर्माण करणाऱ्या प्रकल्पात पैसे गुंतवून कायम निवास मिळवण्याचा मार्ग) अर्ज करण्याचा आमचा विचार आहे. एकूण मालमत्ता सुमारे २५ लाख डॉलरची आहे. त्यातले १४ लाख डॉलर मी उभारलेल्या कंपनीत आणि जमिनीत आहेत, तर ११ लाख डॉलर ठेवींत व म्युच्युअल फंडांत आहेत. ८ लाख डॉलर गुंतवले तरी बराच पैसा हाती उरतो, असे एजंटचे म्हणणे आहे. मुलगा १९ वर्षांचा आणि मुलगी १४ वर्षांची आहे. तिकडे स्थिरावल्यावर कंपनी सावकाश विकावी, असे मनात आहे. हे नियोजन योग्य आहे का? (नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती.)

उत्तर : गुंतवणुकीच्या रकमेपेक्षाही कंपनी सावकाश विकण्याचा आपला बेत मला अधिक काळजीचा वाटतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. कायम निवासाच्या व्हिसावर अमेरिकेत पाऊल ठेवले, की त्या दिवसापासून व्यक्ती तेथील करनिवासी ठरते आणि जगात कोठेही झालेले उत्पन्न तेथे करपात्र होते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात नव्याने निवासी होणाऱ्याने आपली बहुतेक परदेशी मालमत्ता त्या दिवशीच्या बाजारभावाने घेतली असे कायदा मानतो, त्यामुळे येण्यापूर्वीची मूल्यवाढ तेथील करातून सुटते. अमेरिकेत ही सोय नाही. नफा मूळ खर्चापासूनच मोजला जातो. म्हणजे अल्प भांडवलावर सुरू केलेली आपली कंपनी तेथे गेल्यावर विकली, तर आपण अमेरिका पाहिलीही नव्हती त्या वर्षांतली वाढसुद्धा करपात्र ठरेल. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील फेडरल कराचा कमाल दर २० टक्के आहे, जास्त उत्पन्न असल्यास गुंतवणुकीच्या उत्पन्नावर आणखी ३.८ टक्के कर लागू शकतो आणि अनेक राज्यांचा कर त्याहून निराळा असतो. मायदेशी भरलेला कर काही अंशी वळता करून मिळतो, परंतु दोन्ही देशांची करवर्षे आणि नियम जुळतीलच असे नाही.

आपल्या म्युच्युअल फंडांचीही हीच अवस्था होईल. अमेरिकेबाहेरचे बहुतेक फंड तेथील कायद्यात ‘पीफिक’ या वर्गात मोडतात. त्यांच्यावरील नफा मागच्या वर्षांवर पसरवून त्या त्या वर्षाच्या कमाल दराने कर आणि वर व्याज आकारले जाऊ शकते, शिवाय सामान्यतः प्रत्येक फंडासाठी स्वतंत्र विवरण भरावे लागते. हे फंड निघण्यापूर्वीच मोकळे करावेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता रकमेकडे वळू. एजंटने ८ लाखांची तुलना २५ लाखांशी केली आहे, ती ११ लाखांशी करायला हवी. हाती असलेल्या पैशातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग अडकल्यावर उरलेल्या ३ लाखांत वकिलाचे आणि प्रकल्पाचे शुल्क, नव्या देशातले घर, आरोग्यविमा आणि दोन मुलांचे शिक्षण बसवावे लागेल. गुंतवणूक टिकवण्याचा कायद्यातला काळ दोन वर्षांचा असला, तरी प्रकल्पांचे करार बहुधा त्याहून बरेच लांबतात. ८ लाखांची मर्यादासुद्धा ग्रामीण भाग, अधिक बेरोजगारीचा भाग आणि सार्वजनिक पायाभूत प्रकल्प यांच्यापुरतीच आहे. एरवी साडेदहा लाख डॉलर लागतात, आणि दोन्ही प्रकारांत १० पूर्णवेळ रोजगार निर्माण झाल्याचे दाखवावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा, की कंपनीचा काही हिस्सा अर्जाआधीच विकावा आणि गुंतवणुकीची रक्कम त्यातून उभी करावी. त्यामुळे ठेवींना हात लागणार नाही, त्या हिश्शावरील नफा अमेरिकी कराच्या कक्षेबाहेर राहील, आणि पैसा कोठून आला हे दाखवणारी विक्रीचा करार, करविवरण आणि बँकेचे उतारे ही कागदपत्रे सलगपणे आपल्यापाशी असतील. ईबी-५ चे अनेक अर्ज पैशाचा कायदेशीर स्रोत सिद्ध न झाल्याने अडतात, हे लक्षात घ्यावे. उरलेला हिस्सा मात्र अर्ज मंजूर होण्याआधी घाईने विकू नये. अर्ज फेटाळला गेला, तर व्यवसायही गेला आणि व्हिसाही नाही, अशी स्थिती होईल. व्हिसा हाती आल्यानंतर प्रवेशासाठी साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतची मुदत असते. विक्रीची बोलणी आधीपासून तयार ठेवून ती या मुदतीत पूर्ण करावी आणि प्रवेशाची तारीख त्यानंतरची धरावी. मायदेशातून वर्षाला किती रक्कम बाहेर नेता येते तेही आधी तपासावे. भारतात ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर, तर चीनमध्ये वर्षाला ५० हजार डॉलर इतकी आहे. ज्या देशात अशी मर्यादा असेल, तेथे ८ लाखांची तयारी एका वर्षात होईलच असे नाही.

मुलाच्या वयामुळे मात्र आपल्याला फार थांबता येणार नाही. पालकांच्या अर्जात समाविष्ट होण्यासाठी मूल २१ वर्षांखालील आणि अविवाहित असावे लागते. अर्ज तपासणीत प्रलंबित राहिलेला काळ वयातून वजा होतो, पण मंजुरीनंतर व्हिसाचा क्रमांक लागण्याची वाट पाहण्यात गेलेला काळ वजा होत नाही. ग्रामीण प्रकल्पांच्या अर्जांना तपासणीत प्राधान्य देण्याची आणि व्हिसांचा २० टक्के वाटा राखून ठेवण्याची तरतूद २०२२ च्या कायद्यात आहे, म्हणून आपल्या कुटुंबाने त्याच प्रकारातले प्रकल्प आधी पाहावेत.

प्रश्न : युरोपातल्या गुंतवणूकदार व्हिसाच्या योजना एकामागून एक बंद होत आहेत. अशा व्हिसासाठी ग्रीसमध्ये घर घेऊन ते पर्यटकांना भाड्याने द्यावे आणि त्यातून कर्जाचा हप्ता फेडावा, असा विचार आहे. जोखीम किती?

उत्तर : भाड्याचा हिशेब आधी बाजूला ठेवावा. ग्रीसने २०२४ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून या व्हिसासाठी घेतलेले घर पर्यटकांना अल्पमुदतीच्या भाड्याने देता येत नाही. अथेन्सचा परिसर, थेस्सलोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि मोठ्या बेटांवर किमान रक्कम ८ लाख युरो झाली असून इतर भागांत ती ४ लाख आहे. अडीच लाखांची मर्यादा काही विशिष्ट प्रकारच्या इमारतींपुरतीच उरली आहे.

योजना बंद होण्याची आपली भीती रास्त आहे. ब्रिटनने २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी नव्या अर्जांसाठी बंद केला, आयर्लंडने २०२३ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये तेच केले. पोर्तुगालने योजना चालू ठेवली, पण घरखरेदीचा मार्ग २०२३ मध्ये काढून टाकला. ब्रिटनने आधीच्या व्हिसाधारकांना कायम निवासाच्या अर्जासाठी २०२८ पर्यंत मुदत दिली, यावरून इतकेच म्हणता येते की ज्यांचा व्हिसा हाती आला होता ते तरले. व्हिसा नसता तर हे घर या भावाला मी घेतले असते का, हे स्वतःला विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर किमतीतला जो भाग केवळ व्हिसासाठी मोजला जात आहे, तो परत न येणारा खर्च म्हणूनच लिहावा, आणि कर्ज काढून तर तो मुळीच करू नये.

प्रश्न : ईबी-५ प्रकल्पात मुद्दल आणि ठरावीक परतावा यांची लेखी हमी मिळत आहे. स्वीकारावी का?

उत्तर : स्वीकारू नये. या व्हिसासाठी गुंतवलेला पैसा खऱ्या अर्थाने जोखमीत असावा लागतो. परतफेडीची हमी घेतली, तर त्याच कारणावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. व्हर्माँट राज्यातल्या जे पीक प्रकल्पावर अमेरिकेच्या रोखे नियामकाने एप्रिल २०१६ मध्ये कारवाई केली, तेव्हा गुंतवणूकदारांच्या २० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा गैरवापर झाल्याचा आरोप होता. प्रकल्प सुचवणाऱ्याला प्रकल्पाकडून किती दलाली मिळते, हे लेखी मागावे. ते उघड करण्याचे बंधन २०२२ च्या कायद्याने घातले आहे. कागद तपासण्यासाठी स्वतः शुल्क देऊन वेगळा वकील नेमावा, आणि अर्ज फेटाळल्यास रक्कम कोणत्या अटींवर व किती काळात परत मिळेल, हे त्याच्याकडून सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.