टक्के पाहिलेत, आता युनिटही पाहा

देशादेशांच्या विजेची तुलना पहिल्यांदाच करताय, तर आधी एक गाठ मनाशी बांधा: स्थापित क्षमता, म्हणजे केंद्रं जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात ते, वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही. मी सुरुवातीला दोन्ही आकडे एकाच रकान्यात भरले आणि अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला.

टक्क्यांशेजारी युनिटही लिहा. भारतात कोळशाच्या विजेचा वाटा आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. पण एकूण वीजच इतकी वाढलीय, की वाटा फारसा न हलताही कोळसा कितीतरी जास्त जळतो. ब्रिटनचं उलटं. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ हे तिथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. ही जागा वाऱ्याने किती घेतली, गॅसने किती, बाहेरून आणलेल्या विजेने किती, हे शोधा. खरी मजा तिथेच आहे.

सुरुवातीचं वर्ष मात्र जपून निवडा. जपानचा आलेख २०१४ पासून काढलात तर अणुवीज हळूहळू वाढतेय असंच वाटेल. २०१० पासून काढा, म्हणजे २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतरची कोसळण डोळ्यांसमोर येईल.