कासारवडवलीत फायबर नाही, तर वायरलेस इंटरनेट कोणत्या कंपनीचे घ्यावे?

आपण लिहिले आहे की ठाण्यातल्या कासारवडवलीच्या नव्या इमारतीत फायबरची केबल अद्याप आलेली नाही, आपण पती-पत्नी दोघेही घरून काम करता आणि तोवर वायरलेस ब्रॉडबँड घ्यायचे, तर ते कोणत्या कंपनीचे, हे ठरत नाही. मी मानपाड्याला नवव्या मजल्यावर राहतो आणि दोन वर्षांपासून अशीच जोडणी वापरतो. माझ्या मते हा प्रश्न कंपनीपेक्षा आपल्या खिडकीचा अधिक आहे. एकाच कंपनीची सेवा ए विंगमध्ये सुरळीत आणि बी विंगमध्ये रडतखडत, असे आमच्याच सोसायटीत पाहायला मिळते.

जिओ आणि एअरटेल यांनी २०२३ मध्ये मुंबईत एअरफायबर या नावाने आणलेली सेवा मुख्यतः मोबाइलच्याच ५जी टॉवरवरून घरातल्या राउटरपर्यंत येते. साहजिकच टॉवर किती लांब आहे, मध्ये किती इमारती आहेत आणि रात्री जेवणे आटोपल्यावर त्याच टॉवरवर आणखी किती घरे व मोबाइल येऊन पडतात, यांवर आपला वेग ठरतो.

माझ्याकडे जोडणीसाठी आलेल्या मुलाने बाहेरचा डबा, म्हणजे टॉवरचा सिग्नल पकडून राउटरला देणारे उपकरण, ड्राय बाल्कनीत, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून लावला, कारण केबलसाठी भिंतीला भोक तिथे आधीच पाडलेले होते. दिवसा काम कसेबसे होई, पण रात्री परदेशातल्या सहकाऱ्यांशी बैठक सुरू झाली की समोरचे चेहरे गोठत. तीन आठवड्यांच्या तक्रारींनंतर एक अनुभवी तंत्रज्ञ आला. त्याने मोबाइलवर सिग्नलचा आकडा पाहिला, तो उणे १०८ होता. मग डबा हातात घेऊन तो एकेका खिडकीशी थांबत गेला, आणि हॉलच्या खिडकीत हायवेच्या बाजूला तो जरासा उजवीकडे वळवताच आकडा उणे ८६ वर आला. हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला, आणि दर दहा अंकांना सिग्नलची ताकद दसपट होते. म्हणजे त्या बावीस अंकांत ती दीडशेपटींहून अधिक वाढली होती. कंपनी तीच, प्लॅन तोच, डबाही तोच.

म्हणून विक्रीप्रतिनिधीला सिग्नल कसा आहे हे विचारण्यात अर्थ नाही. तो ‘फुल्ल आहे’ असेच सांगणार. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात, ते अवश्य पाहावेत, परंतु त्या नकाशाला आपल्या समोर उभी राहिलेली चार नंबरची इमारत ठाऊक नसते. त्यापेक्षा दोन्ही कंपन्यांची सिमे एखाद्या ५जी मोबाइलमध्ये आलटून पालटून घालावीत आणि तीन-चार दिवस, त्यात एक रविवार धरून, रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान प्रत्येक खिडकीशी ट्रायच्या मायस्पीड ॲपवर चाचणी घ्यावी. डाउनलोडपेक्षा अपलोडकडे अधिक लक्ष द्यावे, कारण व्हिडिओ कॉलमध्ये आपला आवाज आणि चित्र त्याच वाटेने जाते. खिडकीची काच बंद आणि उघडी अशा दोन्ही चाचण्या घ्याव्यात. नव्या इमारतींच्या उष्णतारोधक काचांवर धातूचा पातळ लेप असतो आणि तो सिग्नल बराच अडवतो. फरक मोठा दिसला तर डबा बाहेरच लावण्याचा आग्रह धरावा, आणि बाहेरच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी सोसायटीची, ती अजून स्थापन झाली नसेल तर बिल्डरची, लेखी परवानगी घ्यावी.

पैशांच्या बाबतीत माझी चूक आपण करू नये. जोडणीचे शुल्क वाचावे म्हणून मी वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि त्या तीन आठवड्यांत कंपनी सोडण्याचा पर्यायच उरला नाही. पहिला प्लॅन मिळेल तितका कमी मुदतीचा घ्यावा. जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५९९ रुपयांचे बिल सुमारे ७०७ रुपये होते. महिन्याची डेटा मर्यादा १००० जीबी असली तर दोघांच्या कामाला ती पुरून उरते. मर्यादा संपल्यावर वेग किती राहतो, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे घरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट, सहसा चालते. मात्र गावाहून घरातला सीसीटीव्ही पाहायचा असेल तर स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा आपला पत्ता, मिळतो का, हे विचारावे. अशा जोडण्यांमध्ये एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटला जातो आणि काही जुन्या पद्धतीचे कॅमेरे त्यामुळे बाहेरून उघडत नाहीत. वीज गेली की डबा आणि राउटर दोन्ही बंद पडतात, आणि सोसायटीचा जनरेटर बहुधा लिफ्ट व पंपापुरताच असतो, तेव्हा दोन्ही उपकरणांना पुरेल असा लहान यूपीएस पावसाळ्यापूर्वी घेऊन ठेवावा.

तक्रार केली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, लिहून ठेवावा, कारण निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाताना तो लागतो. इमारतीत फायबर आली आणि ही जोडणी सोडली, तर डबा आणि राउटर परत दिल्याची पावती त्याच क्षणी घ्यावी. अनामत रक्कम मागताना त्या पावतीवाचून अडते.