दोन लूपमध्ये डेटा द्यायचा कसा: वायर, लोकल की क्यू?

तुमची अडचण मला समजली ती अशी. लॅबव्ह्यूमध्ये (वायरी जोडून चित्रातून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) दोन व्हाईल लूप (थांबवेपर्यंत आतलं काम परत परत करणारी चौकट), वरचा डॅक कार्डवरून (सेन्सरचे सिग्नल वाचणारं कार्ड) १० किलोहर्ट्झने व्हायब्रेशन वाचतो, एका वेळी १००० सॅम्पल, आणि खालचा ग्राफ दाखवतो नि टीडीएमएस फाईल (मोजमापाचा डेटा साठवायचा फॉरमॅट) लिहितो. वरून खाली सरळ वायर ओढली तर स्टॉप दाबेपर्यंत खालचा लूप हलेचना, मग लोकल व्हेरिएबल लावलं तर फाईलमध्ये काही तुकडे दोनदा आणि काही गायबच. शिवाय एकाच स्टॉप बटणाने दोन्ही लूप बंद करायचेत.

वायरवाली चूक सगळ्यांनी केलेली असते, मी पण केलीय आणि वर दोन दिवस कार्डाला शिव्या घातल्यात. लूप हा बाहेरून बघितला तर एक नोडच, त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या वायरींवर डेटा आल्याशिवाय तो सुरू होत नाही आणि स्वतः संपल्याशिवाय टनेलमधून (वायर लूपची कड ओलांडते तो चौकोन) बाहेर काही सोडत नाही. म्हणजे तुम्ही दोन पॅरलल लूप काढलेच नाहीत, एकामागून एक चालणारे काढलेत. टूलबारवरचा तो बल्ब लावून हायलाइट एक्झिक्युशनमध्ये (डेटा वायरीवरून सावकाश जाताना दाखवतं) एकदा चालवा, डोळ्यांनी दिसेल.

आता लोकल. लोकल म्हणजे फळा आहे, वरचा येतो, आधीचं पुसतो, नवीन लिहितो, खालच्याने वाचलं की नाही याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. तुमचा वरचा लूप १०० मिलीसेकंदाला एक ब्लॉक लिहितो, खालच्याला फाईल आणि ग्राफ मिळून १५० लागले तर दर तिसरा ब्लॉक गेला, आणि ६० च लागले तर तोच ब्लॉक परत लिहिला. त्यामुळे मी आधी स्वतःला एवढंच विचारतो की मला प्रत्येक सॅम्पल हवाय की फक्त आत्ताची व्हॅल्यू पुरेल. स्क्रीनवर तापमान दाखवायला किंवा सेटपॉइंट द्यायला लोकल चालतं, उगाच लोक त्याला वाळीत टाकतात. फाईलला मात्र सगळंच हवं, तिथे क्यू, म्हणजे रांग, आधी टाकलेलं आधी बाहेर.

ऑब्टेन क्यू (क्यू तयार करणारं फंक्शन) दोन्ही लूपच्या बाहेर डावीकडे ठेवा आणि त्याचा रेफनम दोन्ही लूपमध्ये न्या (ही वायर चालते, कारण तिच्यावरून डेटा नाही तर फक्त पत्ता जातो आणि तो सुरुवातीलाच मिळतो). वर एन्क्यू (रांगेत टाकणारा), खाली डीक्यू (रांगेतून काढणारा). टाइमआउट जोडला नाही तर काहीतरी येईपर्यंत डीक्यू गप्प झोपून राहतो, सीपीयू खात नाही. म्हणून खालच्या लूपमध्ये वेट (ठरावीक मिलीसेकंद थांबणं) लावला असेल तर काढून टाका, तिथे त्याचं काही काम नाही.

पण क्यू म्हणजे जादू नाही हं. खालचा कायमच हळू असेल तर माल साठत जाणार. वरच्याच १०० आणि १५० च्या हिशोबाने सेकंदाला १० ब्लॉक आत, साडेसहाच्या आसपास बाहेर, तासाला १२,००० ब्लॉक तुंबले, एक ब्लॉक ८ केबी धरला तर ९६ एमबी, आणि हे एका चॅनलचं. अर्धा तास टेस्टिंग केलंत तर कळणारही नाही, रात्रभर लावून गेलात की सकाळी मेमरी फुल. गेट क्यू स्टेटसमधून किती एलिमेंट साठलेत तो आकडा फ्रंट पॅनलवर ठेवा, मी नेहमी ठेवतो.

अजून एक, ग्राफसाठी वेगळा लूप करून त्यात त्याच क्यूवर दुसरा डीक्यू लावू नका. एक एलिमेंट एकालाच मिळतो, म्हणजे काही ब्लॉक फाईलला आणि काही ग्राफला. ग्राफला सगळं नकोच असतं, त्याला नोटिफायर द्या, शेवटची व्हॅल्यू मिळाली की झालं.

स्टॉपबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे माझे हात पोळलेत. स्टॉप बटण लॅच मोडवर (एकदा वाचलं की बटण आपोआप सुटतं) असताना त्याचं लोकल केलं की रन बाण तुटतो, म्हणजे प्रोग्राम चालतच नाही, ते तुम्ही बघितलंच असेल. मग लोक सांगतात वरचा लूप संपला की क्यू रिलीज करा (म्हणजे मोडून टाका), खालच्या डीक्यूला एरर ११२२ येईल, त्यावर लूप थांबवा. चालतं, पण रिलीज करताना क्यूमध्ये जे उरलेलं असतं ते जातं! आमची एक फटीग टेस्ट होती, नमुना तुटला की ऑटोमॅटिक स्टॉप, सगळं व्यवस्थित, आणि फाईल उघडली तर तुटण्याच्या आधीपर्यंतच डेटा. अख्खी टेस्ट ज्या अर्ध्या सेकंदासाठी केली तोच नाही. साहेबांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी वरचा लूप संपल्यावर, त्याच्या बाहेर उजवीकडे, क्यूमध्ये एक रिकामा ॲरे (एकही सॅम्पल नसलेली यादी) टाकतो. खालचा लूप आधीचं सगळं क्रमाने लिहितो, रिकामा आला की थांबतो, आणि क्यूचं रिलीज त्याच्यानंतर. स्टॉप बटण फक्त वरच्या लूपमध्ये, लोकलची गरजच नाही. या शेवटच्या एन्क्यूला डॅकची एरर वायर मात्र जोडू नका. एरर आत आली की एन्क्यू काहीच न करता पुढे जातो, म्हणजे ज्या दिवशी कार्डाने मायनस २००२७९ दिली (बफर वाचायच्या आत त्यावर नवीन सॅम्पल लिहिले गेले) त्या दिवशी रिकामा ॲरे जाणारच नाही आणि खालचा लूप जन्मभर वाट बघत बसेल. आणि १००० च्या ऐवजी मायनस १ देऊन असतील तेवढे सॅम्पल वाचत असाल तर खराखुरा रिकामा ॲरेही येऊ शकतो, मग क्लस्टर (वेगवेगळ्या व्हॅल्यूंचं एक गाठोडं) करून त्यात ॲरेसोबत ‘आता थांब’ सांगणारा एक बूलियन (हो किंवा नाही) ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की पास-फेलचा काउंटर दोन लूपमधून वाढवला तर चालेल का. लोकलने नाही. दोघांनी ४१ वाचलं, दोघांनी ४२ लिहिलं, एक पीस गेला. फंक्शनल ग्लोबल करा (व्हॅल्यू आत धरून ठेवणारा छोटा व्हीआय, म्हणजे लॅबव्ह्यूचा प्रोग्राम), पण त्यात नुसतं गेट आणि सेट ठेवून प्लस वन बाहेर करत असाल तर तो फळाच झाला परत. प्लस वन त्या व्हीआयच्या आत पाहिजे आणि व्हीआय नॉन-रीएंट्रंट (एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारा).

२०१६ पासून चॅनल वायर (चालू लूपमधून दुसऱ्या लूपमध्ये डेटा नेणाऱ्या वायरी) पण आल्यात, दिसायला छान आहेत, पण आधी क्यूने करा. आणि आधी फाईलचा लूप तासभर चालवून तो क्यूचा आकडा शून्याजवळ राहतोय का बघा, ग्राफ तोपर्यंत काढूनच ठेवा.