टपालहशिलातलं हशील कुणाचं?

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: आजोबांच्या पेटीत मुंबईच्या एका ग्रंथविक्रेत्याचं जुनं सूचीपत्र मिळालं. पुस्तकांपुढे 'किं. 12 आणे, टपालहंशील निराळें' असं छापलंय आणि खाली 'बुकपोस्टानें मागविल्यास खर्च कमी'. 'एवढी धावपळ करून काय हशील?' यातलं हशील तेच का? तेच असेल, तर टपालात फायदा कुणाचा? शिवाय लग्नपत्रिकेच्या पाकिटावरही 'बुकपोस्ट' छापतात, त्यात बुक कुठे असतं?

हशील तेच. मूळ अरबी 'हासिल', म्हणजे जे हाती आलं ते. हाती येणाऱ्याच्या बाजूने पाहिलं की फायदा, आणि सरकारच्या बाजूने पाहिलं की कर, जकात, पट्टी. मराठीने दोन्ही अर्थ घेतले. फायद्याचा अर्थ आज 'काय हशील' या प्रश्नापुरता उरलाय. 'मला खूप हशील झालं' असं कुणी म्हणत नाही. कराचा अर्थ टपालाला चिकटून टिकला. म्हणजे टपालहशील हा टपालखात्याने वसूल केलेला पैसा, तुमच्या खिशातून गेलेला.

याच धातूची आणखी दोन भावंडं आपण रोज वापरतो: महसूल आणि तहसील. उर्दू पुस्तकांच्या जुन्या जाहिरातींत 'अलावा महसूल डाक' असं असतं, ते आपल्या 'टपालहंशील निराळें'चं जुळं भावंडच. हिंदीत बेरजेतल्या हातच्यालाही 'हासिल' म्हणतात. 'वसूल' मात्र या घरातला नाही. त्याचा धातू पोचण्याचा आहे, मिळवण्याचा नव्हे. अर्थ शेजारचा असल्यामुळे पुष्कळजण त्याला याच पंगतीला बसवतात.

पोर्तुगीजमध्ये टपालखर्चाला 'पोर्त' म्हणतात, म्हणजे वाहून नेण्याचं मोल. एकाच खर्चाकडे ती भाषा हमालाच्या बाजूने बघते आणि आपली भाषा गल्ल्यावर बसलेल्याच्या. त्यालाही कारण असावं. ब्रिटिश हिंदुस्थानात 1 ऑक्टोबर 1854 पासून अंतर न बघता एकच दर झाला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. त्याआधी अंतरानुसार आकार पडे आणि तो पुष्कळदा पत्र घेणाराच भरी. दारात उभा राहून पैसे मागणारा माणूस हा जकातदारासारखाच वाटणार! नव्या व्यवस्थेतही तिकीट न लावलेलं पत्र दुप्पट आकाराने घ्यावं लागे. तेच आपलं 'नॉटपेड' किंवा 'बैरंग'. हा बैरंग रंग उडालेला नाही बरं का, तो इंग्रजी 'बेअरिंग' आहे.

आता बुक. ब्रिटनमध्ये 1848 साली पुस्तकांसाठी पत्रापेक्षा स्वस्त दर निघाला, एक पौंड वजनाला सहा पेन्स. नाव पडलं पुस्तकांवरून, पण सवलत हळूहळू सगळ्या छापील कागदांना मिळत गेली: सूचीपत्रं, नियतकालिकं, आमंत्रणं. अट मुख्यतः दोन गोष्टींची. पाकीट उघडं हवं, म्हणजे तपासता येईल. आणि आत खासगी पत्रव्यवहार नको. म्हणून मराठीत 'बुकपोस्टाने टाक' याचा खरा अर्थ 'पाकीट चिकटवू नकोस' असा झाला. पाकिटाची जीभ नुसती आत खोचायची. पत्रिकेच्या पाकिटावरचं 'बुकपोस्ट' ही पोस्टमनला दिलेली कबुली आहे: यात गुपित काही नाही.

गुपित नसण्यावरही लोकांनी तोड काढलीच. आंतरराष्ट्रीय टपालसंघाने नाताळ-नववर्षाच्या छापील कार्डांवर हाताने पाच शब्दांपर्यंत शुभेच्छा लिहायला मुभा दिली होती. लिस्बन, नैरोबी, कराची इथे कार्डं पाठवणाऱ्या गोंयकारांना पाच शब्दांत किती मावतं ते पाठ असणार. माझ्या बहिणीच्या लग्नात मी एका पत्रिकेवर हौसेने 'मुक्कामाला या, मामींना आणा, आंबे तयार आहेत' असं लिहिलं. खिडकीवरच्या कारकुनाने पाकीट उघडून वाचलं, हसला, आणि पत्राचा पूर्ण दर घेतला. नियमाने त्याचं बरोबर होतं.

1874 मध्ये बर्नला टपालसंघ झाला, 1878 मध्ये छापील मजकुराचा आंतरराष्ट्रीय दर 50 ग्रॅमला 5 सेंतीम (फ्रँकचे शंभरावे भाग) ठरला. पत्राचा दर 15 ग्रॅमला 25. पुढे संघाने छापील मजकुराच्या दराची तिकिटं हिरव्या रंगाची असावीत असंही सुचवलं. पोर्तुगीज गोव्यात छापील टपालाला 'इंप्रेसुश' म्हणत. हिशेब तांग आणि रेइसात: 12 रेइसांचा एक तांग, 16 तांगांची रुपी, अगदी पै-आणा-रुपयासारखाच. दीड रेइसाचीही तिकिटं होती, यावरून दर किती बारीक कापले जात ते दिसतं. दर परवडला तरी छापणं सोपं नव्हतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. मग उघडं पाकीट पोस्टात पुन्हा तपासण्याचं खरंच काय हशील होतं, कोण जाणे.

भारतीय टपालाने नोंदणीकृत (रजिस्टर) टपालाने पुस्तकं स्वस्तात पाठवण्याची सवलत डिसेंबर 2024 मध्ये बंद केली. छोट्या प्रकाशकांनी ओरड केली आणि 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' आलं: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, कर वेगळे. नाव भारदस्त आहे, पण 'ज्ञानपोस्टाने टाक' असं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

राहिलं लिहिणं. शब्द नपुंसकलिंगी: ते हशील. जुन्या छपाईत हांशील, हंशील, हाशील असं सगळं सापडतं. आज 'हशील' लिहावं. सामान्यरूपात शि ऱ्हस्व होते, म्हणून 'टपालहशिलासह', 'हशीलासह' नव्हे. आणि सूचीपत्रात कुठे नुसतं 'ट. ख.' दिसलं, तर तो टपालखर्च, याच गोष्टीचं साधं नाव. ते सूचीपत्र मात्र टाकू नका. मागच्या पानावर आजोबांनी पेन्सिलीने खुणा केल्या असतील, तर कुठली पुस्तकं मागवली तेही कळेल.