उणे एकशे तीस शक्यता?

प्रश्न न्यू जर्सीहून आला आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एक ताई सुपर बोलवर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्यावर, छोटा लेख लिहीत होत्या. हाताशी जी इंग्रजी बातमी होती तिच्यात एका संघापुढे −१३० आणि दुसऱ्यापुढे +११० असे 'ऑड्स' छापलेले. कोश उघडला, त्यात ऑड्स म्हणजे 'शक्यता'. मग त्यांनी लिहिलं, 'या संघाची जिंकण्याची शक्यता उणे १३० आहे.' मुलाने वाचलं आणि तो हसत सुटला. ताई विचारतात, मराठीत लिहायचं तरी काय?

ताई, मुलाचं हसणं रास्त आहे, पण चूक कोशाची. शक्यता शून्याखाली जात नाही आणि शंभर टक्क्यांवर चढत नाही. ज्या आकड्यामागे 'उणे' लागू शकतं आणि जो एकशे तीसही होऊ शकतो, तो शक्यतेचा आकडा नव्हेच. तो पैशाचा आकडा आहे. उणे १३० म्हणजे शंभर डॉलर कमवायचे तर १३० लावावे लागतील. अधिक ११० म्हणजे शंभर लावले तर ११० सुटतील. एकापुढेच उणे असेल तर त्याचं पारडं जड. बेरीज-वजाबाकीशी या चिन्हांचा काही संबंध नाही.

पैशाचा आकडा म्हटल्यावर मराठीला शब्द शोधायला कुठे जावं लागत नाही. भाव. कांद्याला भाव, सोन्याला भाव, तसा संघाला भाव. हा शब्द मी बनवत नाही, धंद्यातच तो रुळलेला आहे. आयपीएलच्या दिवसांत नागपूरकडची वर्तमानपत्रं चाळा, धाडीच्या बातम्यांत सगळी परिभाषा तयार सापडते. पैसे लावणं ती लगवाडी, ते लावून घेणं ती खायवाडी, घेणारा तो बुकी, आणि सामना सुरू असताना मोबाइलवर दर षटकाला बदलत जातो तो भाव. आमच्या कोशकारांनी या गल्लीत पाऊल टाकलं नाही म्हणून ऑड्सपुढे 'संभाव्यता' असला पांढरपेशा शब्द येऊन बसला. मराठीत सट्ट्याची भाषा पंचनाम्यात राहते. तिला ग्रंथालयात कुणी येऊ दिलं नाही.

अमेरिकेत ती राजरोस छापली जाते, आणि त्याला तुमचंच राज्य कारण आहे. १९९२च्या केंद्रीय कायद्याने खेळांवरची पैज नेवाडासारख्या मोजक्या राज्यांपुरती ठेवली होती. न्यू जर्सीने त्याविरुद्ध लढा दिला आणि मे २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. तेव्हापासून सामन्याच्या बातमीत हवामानासारखा भावही सर्रास येतो. तुमच्यावर हा प्रसंग आला तो त्यामुळे.

आता 'भाव' लिहिताना एक खड्डा आहे. बाजारात मालाला मागणी आली की भाव वाढतो. सट्ट्यात संघाला मागणी आली की त्याचा भाव उतरतो, कारण तो जिंकला तर तुम्हाला कमी मिळणार. आपल्याकडच्या क्रिकेटच्या सट्ट्यात 'भाव चाळीस पैसे' म्हणजे रुपया लावला तर चाळीस पैसे सुटणार. म्हणजे तो संघ चांगलाच भारी. त्यामुळे 'ईगल्सचा भाव घसरला' असं नुसतं लिहिलंत तर मराठी वाचक समजेल की ईगल्सचं काही खरं नाही. अर्थ नेमका उलटा. अशा वेळी नाम बाजूला ठेवून रुपयाला किती, हेच सांगावं.

याचं देखणं उदाहरण २६ जानेवारी १९८६च्या सुपर बोलचं आहे. शिकागो बिअर्सकडे विल्यम पेरी नावाचा तीनशे पौंडांहून जड गडी होता, टोपणनाव 'रेफ्रिजरेटर'. काम बचावाचं, म्हणजे समोरच्याला अडवून धरायचं. पण त्या हंगामात प्रशिक्षकाने गंमत म्हणून त्याच्या हातात दोन-चारदा चेंडू दिला होता. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पैज निघाली, पेरी अंतिम सामन्यात टचडाउन करील का, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांची गोलरेषा ओलांडील का? सुरुवातीला डॉलरला वीस डॉलर. लोकांना हा ढोल्या इतका आवडला की पैसे लावायला रांग लागली, आणि सामना सुरू होईपर्यंत वीसाचे दोन झाले. तिसऱ्या सत्रात गोलरेषेपासून यार्डभर अंतरावर चेंडू पेरीच्या हाती आला आणि तो तसाच रेटत आत घुसला. बिअर्स ४६–१० ने जिंकले. पेरीवरच्या या एका पैजेत मात्र बुकी बुडाले. आता सांगा, पेरीचा भाव वाढला म्हणायचं की पडला? 'डॉलरला वीस मिळायचे ते दोनवर आले' म्हटलं की प्रश्नच मिटला.

या 'वीस टू वन'चा क्रम मराठीत उलटतो, तेही ध्यानात ठेवा. इंग्रजीत वीस आधी, एक मागून. आपलं प्रमाण एकापासून सुरू होतं. गवंडी सिमेंट-वाळू 'एकास चार' कालवतो. म्हणून 'एकास वीस'. 'वीसास एक' लिहिलंत तर वीस लावून एक मिळवण्याचा आतबट्ट्याचा धंदा होईल.

मग शक्यतेचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो भावातून हिशेब करून काढावा लागतो, आणि काढताना एक मजा दिसते. उणे १३०वाल्यावर १३० लावून हाती २३० येतात. १३० भागिले २३० म्हणजे साडेछप्पन टक्के. अधिक ११०वाल्यावर १०० लावून २१० येतात, म्हणजे ४७.६ टक्के. बेरीज करा. १०४ टक्के झाले! दोनच संघ, एक जिंकणार, आणि शक्यता १०४? वरचे चार टक्के बुकीच्या घरचे. ज्या आकड्यात दुकानदाराचा नफा मिसळलेला आहे त्याला शक्यता म्हणणं म्हणजे छापील किमतीला मालाचं वजन म्हणण्यासारखं.

या वरच्या पैशाला अमेरिकेत 'विग' म्हणतात. 'विगरिश'चं हे लघुरूप. रशियन घराण्यातला शब्द ज्यूंच्या यिडिश भाषेतून तिकडे पोचला. आपल्याकडे पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो त्याला 'नाल' म्हणतात. तंतोतंत तेच नाही, कारण नाल डोळ्यांदेखत बाजूला पडते आणि विग भावात मुरलेलं असतं, पण लेखात 'विग'पेक्षा 'नाल' मराठी वाचकाला लवकर कळेल. मटका ज्यांनी जवळून पाहिला त्यांना तर हेही सांगायला नको. साध्या आकड्याला रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लागला तर धंदेवाल्याकडे दहा आले, गेले नऊ.

मटक्यावरून एक आठवलं. अमेरिकेतल्या आकड्यांवर पैसे लावणं मुंबईला नवं नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवस उघडताना आणि मिटताना जो दर असे तो तारेने इथे येई आणि त्याच्या आकड्यांवर पैसे लागत. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे त्या कापसाचे वंशज. पुढे १९६०च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले आणि 'मटका' हे नाव आलं. गंमत अशी की तिथे भाव ही पैजेची वस्तू होती. ज्याला आपण इथे भाव म्हणतो आहोत तो रुपयाला नऊ असा ठरलेलाच होता.

तुमच्या बातमीत आणखी एक आकडा असणार, −२.५ किंवा −३.५ असा. तोही ऑड्सच्या रांगेत उभा असतो, पण तो पैशाचा आकडा नव्हे. इथे 'भाव' चालणार नाही. हा 'स्प्रेड', म्हणजे दुबळ्या संघाला कागदावर आधीच देऊन टाकलेले गुण. शिकागोचे गणिताचे एक माजी शिक्षक, चार्ल्स मॅकनील, यांना १९४०च्या दशकात ही युक्ती काढल्याचं श्रेय दिलं जातं. आमच्या वाड्यात कॅरमवर ती त्यांना न विचारता चालू होती. काका स्ट्रायकर हातात घ्यायच्या आधीच म्हणायचे, "तुला दहा पॉइंट देतो, खेळ." दहा घेऊनही मी हरायचो ती गोष्ट वेगळी, पण क्रियापदं तिथेच आहेत. भारी संघ गुण देतो, हलका घेतो. नाम हवंच असेल तर 'गुणांची सूट' म्हणा.

१२ जानेवारी १९६९ला मायामीत बाल्टिमोर कोल्ट्सनी न्यूयॉर्क जेट्सना अठरा गुण दिले होते, इतका तो सामना एकतर्फी मानला गेला. जेट्सचा खेळाडू नेमथ तीन दिवस आधी 'आम्ही जिंकणार, हमी देतो' असं जाहीरपणे सांगून बसला होता. जेट्स १६–७ ने जिंकले. सूट धरली तर चौतीस विरुद्ध सात. खिजगणतीत नसलेल्या संघासाठी 'अंडरडॉग' शब्द आता मराठी क्रीडापानांवरही दिसतो, पण 'खिजगणतीत नसलेले जेट्स' वाचायला कसं भारदस्त वाटतं बघा.

स्प्रेडमधल्या अर्ध्याचा अर्थ लोक मला हमखास विचारतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये अर्धा गुण नसतोच. टचडाउनचे सहा, त्यावरच्या किकचा एक, फील्ड गोलचे तीन. अर्धा ठेवतात तो बरोबरी होऊन सगळ्यांचे पैसे परत करावे लागू नयेत म्हणून. इथे आपली भाषा श्रीमंत आहे. दीड, अडीच, साडेतीन, प्रत्येकाला सुटसुटीत शब्द. १९७९च्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स आधी डॅलस काउबॉइजना साडेतीन देत होते. स्टीलर्सवर पैसा वाहायला लागला म्हणून बुकींनी साडेचार केले. मग पैसा काउबॉइजकडे वळला. सामना ३५–३१. फरक चारचा! साडेतीन देऊन स्टीलर्सवर लावणारे जिंकले, साडेचार घेऊन काउबॉइजवर लावणारेही जिंकले, आणि बुकींना दोन्हीकडून मार बसला. हेच इंग्रजीत सांगायला त्यांना दर वेळी 'मायनस थ्री अँड अ हाफ' म्हणत बसावं लागतं.

'ऑड्स'च्या मुळाकडे एकदा डोकावतो, कारण तिथे मराठीशी गाठ पडते. ऑड हा जुन्या नॉर्स भाषेतला 'ओद्दी', म्हणजे त्रिकोण, जोडीबाहेरचा तिसरा. त्यावरून विषम संख्या, आणि त्यावरून जे सारखं नाही ते. मराठीत 'विषम' शब्द हीच दोन्ही कामं करतो, विषम संख्या आणि विषम लढत. पोरं चिंचोके मुठीत धरून 'एकी का बेकी' विचारतात, त्यातली एकी तीच. म्हणून कुणी ऑड्सला 'विषमता' सुचवतील. सुचवू द्या, तो शब्द समाजशास्त्राने केव्हाच नेलेला आहे.

आणि पैजेच्या बाहेरचे ऑड्स वेगळे. 'अगेन्स्ट ऑल ऑड्स'मध्ये भावही नाही आणि शक्यताही नाही. तिथे 'कुणाच्या ध्यानीमनी नसताना' किंवा 'सगळं विरोधात असताना' असं प्रसंग पाहून लिहावं. 'ऑड्स आर' म्हणजे नुसतं 'बहुतेक'.

तेव्हा ताई, तुमचं वाक्य. १३०ला शंभर म्हणजे डॉलरला सत्त्याहत्तर सेंट. हातात अंकाचा मजकूर असेल तर 'शक्यता उणे १३०' खोडून हे घाला: 'पैजेच्या बाजारात पहिल्या संघाचं पारडं थोडं जड आहे, त्याच्यावर डॉलरला ७७ सेंट सुटतात, दुसऱ्यावर एक डॉलर दहा.' चिन्हं मुळीच नकोत. आणि मुलाला विचारा, दोन्ही संघांपुढे −११० असेल तर त्या दोघांचे मिळून टक्के किती होतात. उत्तर शंभर आलं तर त्याला पुन्हा बसवा.