गवतावर वाढवलेल्या गुरांचं बीफ पर्यावरणाला कमी घातक असतं का?

बहुतेक वेळा नाही. गुरांच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन हा हवामान तापवणारा वायू तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. नुसत्या गवतावर जनावर धान्यावर वाढवलेल्यापेक्षा सावकाश वाढतं, म्हणजे जास्त महिने मिथेन सोडत राहतं. शिवाय जमीनही जास्त लागते. अ‍ॅमेझॉनच्या जंगलतोडीचं सर्वांत मोठं कारण गुरांची कुरणंच आहेत; मला खरी काळजी याचीच वाटते. चांगल्या चराईमुळे मातीत थोडा कार्बन साठतो हे खरं, पण काही वर्षांनी ती साठवण मंदावते.

मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, मात्र २० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. त्यामुळे बीफ कमी खाल्लं तर परिणाम तुलनेने लवकर दिसतो. जवळपासचंच बीफ घेऊन फारसं साधत नाही, कारण वाहतुकीचा वाटा किरकोळ असतो.